खुसपट न काढणारा वकील

फ्लॅट पसंत पडला, टोकन देऊन झालं, नातेवाइकांना पेढे वाटून झाले. आता वकील बघायला हरकत नाही. क्रम हाच ठेवा. टोकनच्या आधी वकिलाकडे गेलात तर तो कागद मागेल, कागद जमवण्यात आठ दिवस जातील आणि तेवढ्यात एजंटाचा फोन येईल, "सर, दुसरी पार्टी पैसे घेऊन बसलीये." ही दुसरी पार्टी आजवर कोणाच्या दृष्टीस पडलेली नाही, पण पुण्यातले कितीतरी व्यवहार तिच्याच धाकाने पार पडतात.

वकील निवडताना पहिला निकष फीचा. जरा हिशोब मांडून बघा. पुणे महापालिकेच्या हद्दीत 80 लाखांचा फ्लॅट. मुद्रांक शुल्क, त्यावरचा मेट्रोचा आणि स्थानिक संस्थेचा अधिभार धरून सात टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणी फी 30 हजार. एजंटाची दलाली एक टक्का धरली तरी 80 हजार, आणि त्या बापड्याने फ्लॅटचं कुलूप उघडून "व्हेंटिलेशन बघा" एवढं म्हटलेलं असतं. मॉड्युलर किचनवाला अडीच लाख सांगतो तेव्हा आपण त्याला दोन ट्रॉल्या वाढवायला सांगतो. या सगळ्यात आपला चेहरा जराही बदलत नाही. मग वकील म्हणतो, सर्च आणि टायटल रिपोर्टचे, म्हणजे जागेचे जुने व्यवहार शोधून मालकी तपासण्याचे, पंधरा हजार होतील, आणि आपल्यातला काटकसरी गृहस्थ खडबडून जागा होतो. "नुसते कागद तर बघायचेत!" घासाघीस सुरू करायची ती इथेच. पाच हजारांवर आणा. पाच हजारांत तो पाच हजारांचंच वाचेल, पण ते आपल्याला दिसणार थोडंच आहे?

सर्वांत सोयीचा म्हणजे एजंटाने आणलेला वकील. एजंट त्याची ओळख "आपलाच माणूस आहे" अशी करून देतो, आणि त्यात खोटं काहीच नसतं. या "आपला"मध्ये तुम्ही धरलेले नसता, एवढंच. नवीन बांधकाम असेल तर बिल्डरचा वकील फुकटात मिळतो. त्याने दिलेलं टायटल सर्टिफिकेट गुळगुळीत कागदावर असतं, माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानाला टाचलेलं असतं. करारनामाही त्यानेच बेतलेला. अशा वेळी तुम्ही स्वतःचा वकील नेलात तर सेल्स ऑफिसातली मुलगी दुखावते. "सर, आमचा ड्राफ्ट स्टँडर्ड आहे, चारशे लोकांनी सह्या केल्यात." चारशे लोकांनी न वाचता सह्या केल्या, तर चारशे एकावा कशाला शहाणपणा करणार? बिल्डरांना लगाम घालणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे तुम्हाला बिल्डरचा वकील सांगणार नाही. सांगितलंच तर त्याची नोकरी धोक्यात आहे असं समजा.

बँकेचा वकीलही चालेल. "बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे टायटल क्लिअर" हे वाक्य तोंडपाठ करा, सासरेबुवांसमोर फार उपयोगी पडतं. त्या वकिलाची फी तुमच्या खात्यातून कापली जाते, त्याचा अहवाल बँकेच्या फायलीत जातो आणि बहुतेकदा तुम्हाला त्याची प्रतही मिळत नाही. शिवाय बँकेला तुमचा पगार, जामीन आणि विमाही बांधलेला असतो. जागा वादात गेली तरी हप्ता चालूच राहतो, त्यामुळे बँक शांत असते. तुम्हीही शांत राहा.

आता सर्च रिपोर्टबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी कला तिथेच आहे. रीतीने तीस वर्षांचा शोध घ्यायचा असतो. तीसच का, तर 1963 च्या मुदत कायद्यात गहाण सोडवण्याच्या दाव्याला आणि सरकारच्या दाव्याला तीस वर्षांची मुदत आहे. शोध घ्यायचा म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदवलेल्या खरेदी-विक्रीच्या यादीतल्या, नोंदी बघायच्या. अलीकडच्या वर्षांच्या नोंदी संगणकावर दिसतात. जुन्यांसाठी ऑफिसात जाऊन वह्या उलटाव्या लागतात, धूळ खावी लागते, तिथल्या माणसाशी गोड बोलावं लागतं. चांगला वकील हे काम नवख्या मुलावर सोपवतो, ते मूल दुपारच्या आत परत येतं आणि मग एक सुंदर तक्ता तयार होतो. डावीकडे सन, उजवीकडे शेरा. 1996, व्यवहार आढळला नाही. 1997, आढळला नाही. 1998, आढळला नाही. 1999, पाने फाटलेली. 2000, पुस्तक बांधणीस गेले आहे. 2001, आढळला नाही. तुमच्या आधीच्या मालकाने ज्या वर्षी जागा घेतली, नेमकं त्याच वर्षीचं पुस्तक बांधणीला गेलेलं असतं, आणि गेली वीस वर्षं ते परतलेलं नसतं. तक्त्याखाली ओळ येते, "उपलब्ध अभिलेखाच्या अधीन राहून मिळकत निर्वेध व बोजारहित आहे." या एका वाक्यात वकील सुटतो, एजंट सुटतो, बिल्डर सुटतो. ते मराठीत असूनही तुम्ही अर्थ विचारायच्या भानगडीत पडू नका.

उलट, तो दुसऱ्या प्रकारचा वकील लांबूनच ओळखायला शिका. तुम्ही फाईल पुढे केल्यावर तो चष्मा डोळ्यांवर ओढतो, पहिलं पान सोडून थेट परिशिष्टांकडे जातो आणि विचारतो, "भोगवटा प्रमाणपत्र कुठाय?" (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला.) तुम्ही म्हणता, "अहो, पाणी आहे, लाईट आहे, चौदा कुटुंबं राहतायत." तो म्हणतो, "ते मी विचारलं नाही." मग सोसायटीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर, झालंय का, पार्किंग करारात आहे की चिठ्ठीवर, मागच्या मालकाचं कर्ज फिटल्याचं पत्र कुठाय, शेअर सर्टिफिकेटवर दुसरं नाव कोणाचं, असे प्रश्न येत राहतात. कच्ची माणसं अशा वेळी घाबरतात. तुम्ही घाबरू नका, एजंटाला फोन लावा. तो म्हणेल, "सर, हे वकील डील मोडण्यात फेमस आहेत." एवढी खात्रीची शिफारस मिळाल्यावर तिथून उठून यायला काहीच हरकत नाही.

मुंबईकरांनी अधिक जपावं. तिथे फोर्टात सॉलिसिटर नावाची जमात अजून टिकून आहे. वकील झाल्यावर वेगळी परीक्षा देऊन ते सॉलिसिटर होतात आणि तुमच्या आजोबांच्या मुंजीच्या सुमाराचे कागद मागतात. त्यांच्या जिन्याच्याही वाटेला जाऊ नका.

"वकील जवळचा असावा" असं म्हणतात. हे बरोबर आहे, फक्त कशाच्या जवळचा ते नीट ठरवा. नोंदणी कार्यालयाच्या जवळचा असला की काम झालं. एकाच गाळ्यात वकील, झेरॉक्स, ई-चलन, पासपोर्ट फोटो आणि लग्न नोंदणी. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, म्हणून पाटीवर नाव बारीक अक्षरात असतं आणि "येथे सर्व प्रकारची कामे होतील" हे ठळक.

पण जागेच्या जवळचा वकील? त्याच्यापासून मात्र सावध. समजा हवेली तालुक्यातल्या एखाद्या गावात बिनशेती प्लॉट घेताय. त्या भागात तीस वर्षं वकिली केलेला म्हातारा सातबारा हातात घेतो, नुसता गट नंबर बघून "अच्छा, ओढ्याकडचं का?" म्हणतो, आणि बोट सरळ "इतर हक्क" या रकान्यावर ठेवतो. तिथे बारीक अक्षरात "कूळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र" लिहिलेलं असतं, म्हणजे कुळाला मिळालेली ही जमीन विकण्यावर बंधनं आहेत. त्याखाली दोन बहिणींची नावं. त्याला हेही माहीत असतं की थोरली हडपसरला दिलीये, हक्कसोडपत्रावर तिने सही केलेली नाही आणि करणारही नाही. हे सगळं तो चहा निवायच्या आत सांगतो. असा माणूस तुमचा व्यवहार जागच्या जागी संपवेल. तुम्ही बाहेरगावचा वकील न्या, ज्याला ओढाही माहीत नाही आणि बहिणीही.

गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने तोडून पाडलेल्या, प्लॉटला तर वकीलही नको, नोटरी पुरे. एक गुंठा, पाचशेचा स्टॅम्पपेपर, गोल लाल शिक्का, खाली विकणाऱ्याचा अंगठा. 1947 चा तुकडेबंदी कायदा, स्थावराच्या खरेदीला नोंदणी हवीच असा 1908 चा कायदा, कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल, ही सगळी त्या शिक्क्याच्या तोडीची माणसं नव्हेत. शिक्का बघितला की आपल्याकडे भल्याभल्यांचे हात आपोआप खिशाकडे जातात.

नोंदणीच्या दिवशी वकिलाने स्वतः येऊ नये, मुलगा पाठवावा. मुलाच्या हातात तीन पक्षांच्या फायली असतात आणि तोंडात टोकन नंबर. करारनामा तुम्हाला तिथेच, रांगेत, पहिल्यांदा दिसतो. ऐंशीएक पानं असतात, दर पानामागे हाताळणी शुल्क भरलेलं असतं. वाचायला बसलात तर मागचे लोक खाकरतात. मुलगा म्हणतो, "काका, वाचायचं काय त्यात, सगळं सेम असतं, फक्त नावं बदलतो." नावं तो खरंच बदलतो. एखाद्या ठिकाणी राहून जातात, आणि मग पान 37 वर फ्लॅटचा ताबा तुमच्याऐवजी कोणा अनोळखी सौभाग्यवतींना दिलेला असतो. फोटो काढा, अंगठा लावा. चूकदुरुस्ती पत्र नावाचा स्वतंत्र दस्त असतो, त्याची फी स्वतंत्र, आणि तो करून देणारा मुलगाही हाच.

राहता राहिलं विकणं. विकणाऱ्याला वकील लागतो ही तर निव्वळ अफवा. पैसे घ्यायला कायदा कशाला? फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, त्यांनी सोसायटीत तुम्हाला नॉमिनी केलं होतं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढवलं, म्हणजे फ्लॅट तुमचाच. नॉमिनी आणि वारस वेगळे असतात असं कोणी सांगू लागलं तर त्याला तुमच्या घराण्यातले संस्कार समजावून सांगा. बहिणीला विचारायची गरज नाही. ती नाशिकला सुखात आहे.

अडचण एवढीच की खरेदीदाराने तुमच्यासारखा सुज्ञ वकील केलेला असेलच याची खात्री नसते. त्याने चष्मेवाला केला असेल तर तो मूळ कागद मागेल, आणि साखळीतला 1987 चा करारनामा सापडणार नाही. मग पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, "कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास 14 दिवसांत कळवावे." अशा नोटिसा कोणी वाचत नाही, म्हणून निर्धास्त राहा. बाराव्या दिवशी नाशिकहून रजिस्टर पोस्टाने हरकत येईल. मजकूर दीड पानाचा असेल, त्यात वडिलांच्या मृत्यूची तारीख, सोसायटीच्या ठरावाचा क्रमांक आणि तुम्ही कधीही न पाहिलेल्या कागदाचा दस्त क्रमांकसुद्धा बिनचूक असेल. लेटरहेडवरचा फोन नंबर तेवढा उतरवून ठेवा. पुढचं घर घेताना विचारता येईल, पाच हजारांत करतो का.