राष्ट्रकुल सोडून मिळणार काय?

राष्ट्रकुल, म्हणजे मुख्यतः ब्रिटनच्या जुन्या वसाहतींची संघटना, ही गुलामीची खूण, भारताने तिच्यातून बाहेर पडावं, असं ज्या लेखाला हे उत्तर आहे त्याचे लेखक म्हणतात. पण राष्ट्रकुलाच्या १९४९च्या लंडन जाहीरनाम्यात सदस्य देशांवरची ब्रिटिश राजाशी निष्ठेची अट सुटली ती आपण प्रजासत्ताक होणार होतो म्हणूनच. राजा फक्त संघटनेचा प्रमुख उरला, आपला नव्हे. रवांडा, मोझांबिक तर कधीच ब्रिटिशांच्या ताब्यात नव्हते, तरी आपणहून आले. पाकिस्तान १९७२ साली रागाने उठून गेला, १९८९ साली परतला. मालदीवचंही तेच.

संघटना दात नसलेली आहे, हे मान्य. (आम्हा पुणेकरांना तर ती २००८च्या बालेवाडीतल्या युवा स्पर्धांपुरतीच आठवते!) पण ५६ देशांत कितीतरी चिमुकली बेटं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांचंही मत आपल्याइतकंच मोजलं जातं. त्यांच्याशी बोलायची आयती जागा का सोडायची?