तक्रार केली म्हणजे पैसे परत मिळतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

केदारनाथच्या बनावट हेलिकॉप्टर तिकिटांवरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, ‘१९३० ला फोन करा, पैसे परत मिळतील’ असे सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाबद्दल सांगून मी लोकांना खोटी आशा दाखवते. आपल्या मेहुण्यांचे ४२,००० रुपये गेले, त्यांनी चौथ्या दिवशी रीतसर तक्रार नोंदवली, पण पोचक्रमांकाशिवाय हाती काही आले नाही, आणि रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवूनही बँकेने हात वर केले. झटपट देवदर्शनाच्या मोहात पडणाऱ्यांचे असेच व्हायचे, असेही आपण शेवटी म्हटले आहे.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ‘परत मिळतील’ असे मी लिहायला नको होते. त्या फोनने पैसे परत मिळत नाहीत, ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता तेवढी निर्माण होते. तक्रार नोंदताच रक्कम ज्या बँकेत गेली तिला सूचना जाते आणि खात्यात काही शिल्लक असेल तर ते गोठवले जाते. हे भामट्यांनाही ठाऊक असल्यामुळे ते ती रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून फिरवून पाहता पाहता काढून घेतात. ‘तिकीट उद्या सकाळी नक्की येईल’ असे गोड बोलून मेहुण्यांना तीन दिवस थांबवले गेले, असे आपणच लिहिले आहे. ते तीन दिवस त्यांच्याकडून पैशांइतकेच हिशेबाने काढून घेतलेले होते.

माझ्या मावशीच्या बाबतीत सप्टेंबर २०२४ मध्ये हेच घडले. तिने २१,००० रुपये भाड्याचे आणि नंतर ९,५०० रुपये ‘विम्याचे’ भरले. व्हॉट्सअॅपवर आलेल्या तिकिटावर चौघांची नावे आणि वजने अचूक होती, पण प्रवासाच्या रकान्यात ‘केदारनाथ ते केदारनाथ’ असे छापलेले होते. खरी उड्डाणे गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी येथून होतात. तिचे पहिले वाक्य होते, ‘कुणाला सांगू नकोस.’ तरीही आम्ही तासाभराच्या आत १९३० ला फोन केला. पलीकडून बारा अंकी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळखक्रमांक, विचारला गेला आणि तो यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो हे उमगेपर्यंत आमची दहा मिनिटे गेली. पहिली रक्कम गेलीच होती, दुसरी गोठवली गेली. तीही आपोआप परत आली नाही. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करावा लागला, आदेशाची प्रत बँकेत द्यावी लागली, आणि पाच महिन्यांनी ९,५०० रुपये जमा झाले.

‘कुणाला सांगू नकोस’ हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे, कारण ‘मोहात पडणाऱ्यांचे असेच व्हायचे’ या शेऱ्याचे मला अतिशय वाईट वाटले. गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरहून अधिक चढण आहे आणि मावशीचे दोन्ही गुडघे दुखावलेले आहेत. अधिकृत तिकिटे आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतात, पण ती लवकर संपतात, आणि मग माणूस शोध घेताना वर दिसणारी पहिली जाहिरात उघडतो. यात मोह कुठे आला? उलट असे बोलणे ऐकावे लागेल या धास्तीने माणसे दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि नेमका तोच वेळ पैसे अडवण्याचा असतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाबाबत मात्र आपली गल्लत झाली आहे. ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांचे आहे; बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. मेहुण्यांनी फसून का होईना, स्वतः पिन टाकून पैसे पाठवले, त्यामुळे बँक त्या परिपत्रकाखाली बांधली जात नाही. हे अन्यायाचे वाटते, मलाही वाटते. क्रेडिट कार्डाने भरले असते तर ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून वाद नोंदवता आला असता. भामटे यूपीआयचाच आग्रह धरतात त्याचे हेही एक कारण असावे.

मेहुण्यांना आता एवढे करता येईल: पोचक्रमांक घेऊन सायबर पोलिसांकडे जावे आणि कोणत्या बँकेत किती रक्कम गोठवली आहे, हे लेखी विचारावे. काही रक्कम अडकलेली असेल तर अर्जाचा मार्ग खुला आहे. तक्रार कळवूनही बँकेने काहीच हालचाल केली नसेल, तर लेखी तक्रारीनंतर तीस दिवस वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला शुल्क नाही. ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आला तर तो लगेच ठेवून द्यावा. मावशीला असे दोन फोन आले होते.

मूळ लेखातील ते वाक्य मी आज बदलले आहे.