फोरमन आपल्याकडे असता, तर उपअधीक्षक झाला असता

पदक आले की आपल्याकडे दोनच चौकशा होतात: किती कोटी, आणि कोणत्या वर्गाचे पद. २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा अंगावरचा गुलाल उतरायच्या आत हरियाणा किती देते आणि महाराष्ट्र किती, याचा हिशेब सुरू झाला. हिशेब रास्तच आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीहून पदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांना १९५५ साली फौजदारकी मिळाली आणि पुढच्या बढतीसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले, हे ज्या राज्याने पाहिले तिथे लोक असे विचारणारच. पण ह्यूस्टनमध्ये बसून ही चर्चा वाचताना ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेला अमेरिकन बॉक्सर जॉर्ज फोरमन आडवा येतो. २१ मार्च २०२५ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, तो याच शहरात वारला. आपल्या चर्चेच्या कुठल्याच रकान्यात हा माणूस बसत नाही.

अमेरिकेने त्याला पदकानंतर काय दिले? सरकारकडून काहीच नाही. आजही इथे ऑलिम्पिक सुवर्णाला ऑलिम्पिक समितीकडून ३७,५०० डॉलर मिळतात आणि विषय संपतो. रेल्वेत नोकरी नाही, पोलिसात पद नाही, बालेवाडीजवळ फ्लॅट तर नाहीच. सरकारने फोरमनला जे दिले ते पदकाच्या आधी, आणि तेही बॉक्सिंगसाठी म्हणून नव्हे. ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड वस्तीत वाढलेला, शाळा सोडलेला, रस्त्यावर लोकांना लुबाडणारा हा पोरगा १९६५ मध्ये ‘जॉब कॉर्प्स’मध्ये दाखल झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेतली ही निवासी योजना: राहणे-जेवणे फुकट, शाळेचा राहिलेला अभ्यास आणि हाताला एखादे कसब. आधी ओरेगनमध्ये आणि मग कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटनच्या केंद्रात तो राहिला. तिथे डॉक ब्रॉडस नावाच्या कर्मचाऱ्याने त्याची मारामारीची खुमखुमी पाहून हातात ग्लोव्ह्ज चढवले. पहिली हौशी लढत १९६७ च्या जानेवारीत. १९६८ च्या ऑक्टोबरात मेक्सिको सिटीत हेवीवेटचे सुवर्ण. दोन वर्षेसुद्धा नाहीत.

मधला भाग सगळ्यांना माहीत आहे म्हणून भराभर सांगतो. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडून तो विश्वविजेता झाला. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला मोहम्मद अली दोराला टेकून मार खात राहिला, फोरमनचे हात जड झाले आणि आठव्या फेरीत तो आडवा. मार्च १९७७ मध्ये सान हुआनला जिमी यंगकडून हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये त्याला धार्मिक साक्षात्कार झाला. २८ व्या वर्षी त्याने बॉक्सिंग सोडले, धर्मोपदेशक झाला, ह्यूस्टनमध्ये छोटेसे चर्च चालवू लागला आणि १९८४ मध्ये मुलांसाठी युवा केंद्र काढले.

खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण केंद्राला पैसे लागतात. किन्शासाच्या एका लढतीचे पन्नास लाख डॉलर मिळालेला माणूस दहा-बारा वर्षांत तळाला आला होता. देणग्या मागत फिरणे त्याला जमेना, म्हणून १९८७ मध्ये, ३८ व्या वर्षी, तो पुन्हा रिंगमध्ये उतरला. लोक हसले. वजन तीनशे पौंडांच्या वर गेले होते. पहिल्या लढतीला ते २६७ वर आणले होते. पण हे पुनरागमन भावनेवर चाललेले नव्हते. प्रतिस्पर्धी पायरीपायरीने निवडलेले, लढती लागोपाठ, आणि लढण्याची पद्धत पार बदललेली. तरुण फोरमन लांबून, खांद्यातून फिरवून ठोसे मारायचा; चार-पाच फेऱ्यांत दम संपायचा. प्रौढ फोरमनने दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून बचाव केला (ही जुन्या पिढीतला बॉक्सर आर्ची मूर याची पद्धत), लांब डाव्या जॅबने समोरच्याला अंतरावर ठेवले आणि उजवा हात जवळून, कमी अंतरात वापरला. फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात तो स्टुलावर बसायचा नाही, उभाच राहायचा. सलग २४ लढती जिंकून तो १९९१ मध्ये तेव्हाचा विश्वविजेता इव्हँडर होलीफिल्डपुढे उभा राहिला. गुणांवर हरला, पण बारा फेऱ्या टिकला आणि सव्वा कोटी डॉलर घेऊन घरी आला.

५ नोव्हेंबर १९९४ ला लास वेगासमध्ये तेव्हाचा विश्वविजेता मायकल मूररशी लढत ठरली, तेव्हा वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन मान्यता द्यायला तयार नव्हती. फोरमनला न्यायालयात जावे लागले. अंगावर किन्शासाचीच चड्डी, कोपऱ्यात अँजेलो डंडी, म्हणजे वीस वर्षांपूर्वी अलीच्या कोपऱ्यात असलेला माणूस. नऊ फेऱ्यांअखेर तिन्ही पंचांच्या कागदावर फोरमन मागे होता. मूरर डावखुरा, वेगवान. पण तो समोरच उभा राहत गेला आणि हीच चूक नडली. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा ठोसा हनुवटीवर बसला. ४५ वर्षांचा विश्वविजेता. हा ठोसा फार मोठा नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. तो लागला कारण नऊ फेऱ्या त्याची तयारी चालू होती.

त्याच सुमारास फोरमनच्या नावाचे, मांस भाजायचे विजेचे ग्रिल बाजारात आले, आणि आपल्याकडच्या क्रीडा खात्यांनी अभ्यासावे असे प्रकरण खरे हे आहे. यंत्र फोरमनने शोधलेले नाही. ते मायकल बोम यांचे. वर-खाली दोन तापणाऱ्या, न चिकटणाऱ्या प्लेटा, त्यामुळे उलटावे लागत नाही आणि वेळ जवळपास निम्मा. वरच्या प्लेटेची बिजागरी सैल, म्हणजे जाड तुकडाही सपाट दाबला जातो. खालची प्लेट पुढे उतरती, म्हणून सुटलेली चरबी पुढच्या ताटलीत. सुरुवातीच्या मॉडेलला बटणही नव्हते: प्लग लावला की तापणार, काढला की थांबणार. बिघडते कुठे तेही ठरलेले: पुरेसे तापायच्या आधी पदार्थ ठेवला की पाणी सुटून तो वाफाळतो, भाजला जात नाही, धातूचा उलथना लावला की लेप खरवडतो, आणि प्लेटा निघत नसल्याने पूर्ण गार झाल्यावर पुसायला गेले की चरबी थिजून बसते. कोमट असतानाच ओल्या कागदाने पुसावे. (इथल्या मराठी घरांसाठी जादा सूचना: पनीर, मक्याची कणसे, सँडविच ठीक. घावनाचे पीठ मात्र ओतू नये, उतारावरून सगळे ताटलीत जाईल.)

यंत्र साधे होते. शहाणपण करारात होते. ग्रिल विकणाऱ्या साल्टन कंपनीने फोरमनला जाहिरातीची एकरकमी बिदागी दिली नाही. त्याने नफ्यातला हिस्सा घेतला, तो सुमारे ४० टक्के होता असे सांगितले जाते. विक्री वाढली तशी रक्कम वाढली. शेवटी १९९९ मध्ये कंपनीला दर महिन्याला एवढा हिस्सा देण्यापेक्षा नाव कायमचे विकत घेणे स्वस्त वाटू लागले, आणि तिने १३ कोटी ७५ लाख डॉलर रोख व समभागांत मोजले. रिंगमध्ये आयुष्यभर जे कमावले त्यापेक्षा जास्त एका नावाच्या वापरातून. आणि ते नाव विकले गेले कारण तोवर त्याला लोक तापट ठोसेबाज म्हणून ओळखत नव्हते. चीजबर्गर खाणारा, स्वतःवर हसणारा, पाचही मुलग्यांची नावे जॉर्ज ठेवणारा पाद्री म्हणून ओळखत होते.

आता हाच माणूस आपल्याकडे कल्पून पाहा. सुवर्ण मिळाल्यावर त्याला पोलीस उपअधीक्षक केले असते. मल्ल राहुल आवारे आणि विजय चौधरी त्या पदावर गेले, धावपटू ललिता बाबर उपजिल्हाधिकारी झाल्या. तिघांनीही ते मान कष्टाने मिळवले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण पदासोबत महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ येतात. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार-धंदा करता येत नाही, दुसरी नोकरी धरता येत नाही. उपअधीक्षक फोरमनने ग्रिलचा हिस्सा घेतला असता तर विभागीय चौकशी. ३८ व्या वर्षी व्यावसायिक लढतीसाठी रजा मागितली असती तर फाइल मंत्रालयात. हे गमतीने म्हणत नाही: विजेंदर सिंग हरियाणा पोलिसात उपअधीक्षक असताना २०१५ मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगकडे वळला, तेव्हा सेवाशर्तींचा प्रश्न नेमका असाच उभा राहिला होता.

याचा अर्थ इथले बरे आणि तिकडचे वाईट, असा काढणाऱ्यांनी अमेरिकन बॉक्सर जो लुई आठवावा. बारा वर्षे जगज्जेता, युद्धात आपल्या लढतींचे पैसे सैन्याच्या मदतनिधीला देणारा. त्याच्यामागे कराची थकबाकी एवढी लागली की तो आधी व्यावसायिक कुस्तीच्या तमाशात उतरला आणि अखेरची वर्षे लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचे स्वागत करत राहिला. फोरमन एक होतो, लुईसारखे कितीतरी. आपल्याकडेही बॉक्सर कौर सिंग यांचे उदाहरण आहेच: १९८२ च्या एशियाडचे सुवर्ण, अलीसमोर प्रदर्शनीय लढत, आणि म्हातारपणी उपचारांसाठी कर्ज. नोकरी नको म्हणणे सोपे आहे. ती नसलेल्याच्या घरचे विचारा.

या दोन टोकांच्या मध्ये एक छोटी, नीरस वाटणारी व्यवस्था कॅलिफोर्नियात आहे, आणि मला ती आपल्या कामाची वाटते. १९८२ पासून त्या राज्यात बॉक्सरांचा पेन्शन निधी आहे. बॉक्सिंगच्या प्रत्येक तिकिटामागे ८८ सेंट त्यात जमा होतात. राज्यात ठरावीक फेऱ्या (साधारण ७५, मध्ये फार मोठा खंड न पडता) लढलेल्या बॉक्सरला पन्नाशीनंतर पैसे मागता येतात. विजेता असण्याची अट नाही, आणि हाच तिचा मोठा गुण. दोषही आहे: बॉक्सर पत्ते बदलतात, हिशेब ठेवत नाहीत, आणि पुष्कळांना आपले पैसे पडून आहेत हे कळतच नाही. आपल्याकडे मॅटवरच्या कुस्त्यांना तिकीट असते, कबड्डीचे सामने टीव्हीवर विकले जातात. तिथे असा अधिभार बसवणे अवघड नाही. सुरुवातीपासून नोंद आधारशी जोडली तर कॅलिफोर्नियाची चूकही टळेल. महाराष्ट्र केसरीला मानधन द्यावेच, पण उपांत्यपूर्व फेरीत गुडघा गमावून गावी परतलेल्या मल्लासाठी आज काय आहे?

पदाचा पर्यायही मोकळा ठेवावा. ज्याला नोकरी हवी त्याला नोकरी. ज्याला नको, त्याला दहा वर्षांचे मानधन, एक कसब शिकण्याचा खर्च, आणि करार वाचून देणारा वकील. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. आपल्या खेळाडूंच्या हाती जाहिरातीचा कागद येतो तेव्हा त्यात एकरकमी आकडा असतो, मुदत अस्पष्ट असते, आणि हिश्श्याचा शब्दही नसतो.

आणि वादाची तारीख मागे न्यावी. स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे तिथेच नेमबाजीकडे वळला; पॅरिसचे पदक पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या निवासी प्रवेशातून आले. कोटींच्या आकड्यावर जेवढी भांडणे झाली त्याच्या शतांशानेही प्रबोधिनीतल्या खाटा, आहारभत्ता आणि प्रशिक्षकांच्या रिक्त जागा यांच्यावर झाली नाहीत. अकोल्याच्या प्रबोधिनीत आज ग्लोव्ह्ज घालणारा पोरगा हाच आपला १९६५ चा फोरमन आहे.

इथे अमेरिकेतही पदकाआधीची ही मदत कुणाला आठवते आहे, अशातला भाग नाही. फोरमन गेला तेव्हा श्रद्धांजल्यांत अली होता, मूरर होता, ग्रिल होते. दोन महिन्यांनी, मे २०२५ च्या अखेरीस, केंद्रीय कामगार खात्याने कंत्राटदारांमार्फत चालणारी देशभरातली जॉब कॉर्प्स केंद्रे थांबवत असल्याचे जाहीर केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि जूनमध्ये स्थगिती मिळाली. तोवर काही केंद्रांतली पोरे बॅगा भरून घरच्या बसमध्ये बसलीही होती.