दोन्ही सेमच आहेत म्हणे!

आज पेंटर भिंतीवरच्या दोन पॅचसमोर उभा राहिला आणि मलाच विचारतो, "ताई, दुसरा कुठाय?"

अहो, कालच मारलाय ना तुम्ही! डावीकडचा ग्रे, उजवीकडचा बेज. दोन्ही शेजारी आले की एकमेकांची वाट लावतात, म्हणून मध्ये वीतभर प्रायमर कोरा सोडायला मीच लावलं होतं. माणसानं मान तिरकी केली, डोळे बारीक केले, भिंतीवरून बोट फिरवलं (रंग बोटाला कळतो का हो?) आणि निकाल दिला, "दोन्ही सेमच आहेत. कुठलाही मारतो." त्यावर आतल्या खोलीतून नवरोबा, "तेच सांगतोय मी कधीपासून!" एरवी दहा हाका मारल्या तरी या माणसाला ऐकू जात नाही.

सेम? २७०० केल्विनचा पिवळा दिवा लागला की तो बेज कावीळ झाल्यासारखा दिसतो. ६५०० चा पांढरा लावला की ग्रे थेट इस्पितळाचा व्हरांडा! तोच ग्रे ढगाळ दुपारी हिरवट आणि दिवेलागणीला जांभळट. भिंत आहे की सरडा?

आणि ते शेड कार्ड. नखाएवढ्या चौकोनावरून अख्खा हॉल ठरवायचा. मागे एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परतवतो तो आकडा, छापलेला, एकाचा ६०, दुसऱ्याचा ६२. कोणाला गुलाबी झाक मारणार ते मात्र कुठेच नाही. दुकानदाराचं एकच पालुपद, "सध्या हाच चालतो." चालू दे की, माझ्या भिंतीवर का? शिवाय "फर्निचर आलं की भिंत दिसते कुठे" म्हणणारे नातेवाईक. यांनीच मागे स्विचबोर्ड तिरका बसलाय म्हटल्यावर "कोण बघतंय" म्हणून मला गप्प केलं होतं. मी बघते! रोज बघते! अजून तिरकाच आहे तो!

काल मध्यरात्री मोबाईलचा टॉर्च घेऊन भिंतीला नाक लावून उभी होते. लेक पाणी प्यायला उठली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "आई, काही बोलतेय का ती?" यावर काय उत्तर देणार, कप्पाळ! टॉर्च बंद केला. ती झोपल्यावर पुन्हा लावला.

शेवटी म्हटलं, भिंती राहू देत, आधी छत उरकू. छताला काय, पांढरा! दुकानात फोन करून डबा पाठवायला सांगितला.

"पांढरा कुठला, मॅडम? बऱ्याच शेड आहेत. कार्ड पाठवू?"