‘लष्कराने माणुसकी दाखवली’ म्हणणाऱ्यांना

फेब्रुवारी २०२१मध्ये निवडून आलेलं सरकार उलथवून सत्ता बळकावणाऱ्या म्यानमारच्या लष्कराची बाजू घेणारे एक युक्तिवाद वरचेवर पुढे करतात. मतदानात घोटाळा झाला होता, पकडलेले नेते भ्रष्ट होते, कोर्टाने रीतसर शिक्षा दिली आणि आजारी नेत्यांना माफीही मिळाली. मग तक्रार कसली? मंडाले प्रांताचे दिवंगत माजी मुख्यमंत्री डॉ. झॉ मिंट माँग यांच्या आयुष्याशी हे ताडून पाहिलं, तर यातलं काहीच टिकत नाही.

आधी घोटाळा. नोव्हेंबर २०२०मध्ये आँग सान सू ची यांच्या एनएलडी (नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी) या पक्षाने संसदेच्या ४७६ निवडणूक झालेल्या जागांपैकी ३९६ जिंकल्या. मतदारयादीत एक कोटीहून जास्त संशयास्पद नोंदी आहेत, असं लष्कर म्हणालं. पण यादीत नाव दोनदा असणं आणि मत दोनदा पडणं यात फरक आहे. तिथे मत देणाऱ्याचं बोट शाईत बुडवलं जातं. कार्टर सेंटर आणि अॅनफ्रेल या निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या दोन्ही संस्थांचे निरीक्षक प्रत्यक्ष तिथे होते, आणि निकाल लोकांच्या कौलाप्रमाणेच लागला असं त्यांनी सांगितलं. २००८च्या घटनेने लष्कराला संसदेत २५ टक्के जागा निवडणुकीशिवाय दिलेल्याच होत्या, हेही विसरू नका.

घोटाळा हे निमित्त होतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा १९९०चा आहे. मंडालेत वैद्यकीचं शिक्षण घेतलेले झॉ मिंट माँग लष्करी राजवटीविरुद्धच्या १९८८च्या उठावात उतरले आणि १९९०ला अमरापुरातून निवडून आले. त्यांच्या पक्षाला, म्हणजे एनएलडीलाच, ४८५ पैकी ३९२ जागा मिळाल्या. त्या वेळी मतदारयादीबद्दल कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं, तरी लष्कराने सत्ता सोडली नाही. निवडून आलेल्यांनी गुपचूप सरकार बनवायचा प्रयत्न केला, म्हणून डॉक्टरांना राजद्रोहाखाली २५ वर्षांची शिक्षा झाली. ते सुटले २००९मध्ये. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळकांची तुरुंगातली सहा वर्षं आठवतात, आणि त्यांना डांबणारं सरकार परकं होतं. या माणसाच्या उमेदीची १८हून जास्त वर्षं स्वतःच्याच देशाच्या लष्कराने खाल्ली. सुटल्यावर त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली, २०१६ला मुख्यमंत्री झाले आणि १ फेब्रुवारी २०२१ला, लष्कराने सत्ता बळकावली त्याच दिवशी, पुन्हा पकडले गेले. आरोप नंतर रचले गेले.

आता ‘रीतसर’ कोर्ट. हे खटले बंद दाराआड चालले. सू ची यांच्या वकिलांनी बाहेर काही बोलू नये असा आदेशच निघाला होता. सू ची यांच्यावरचा सुरुवातीचा एक गुन्हा काय, तर घरात विनापरवाना वॉकीटॉकी सापडले! डॉ. झॉ मिंट माँग यांच्या शिक्षांची बेरीज २९ वर्षांवर गेली. अटक झाली तेव्हा त्यांचं वय ६९ होतं. ही जन्मठेपच झाली.

‘एनएलडीवाले रोहिंग्यांच्या, म्हणजे म्यानमारमधल्या मुस्लिम अल्पसंख्याकांच्या, बाबतीत गप्प होते’ हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो गिळून टाकता येणार नाही. २०१७मध्ये त्यांच्यावरच्या कारवाईमुळे सात लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली आणि सू ची २०१९मध्ये हेगच्या न्यायालयात देशाच्या बचावाला उभ्या राहिल्या. पण ती कारवाई केली कुणी? तेव्हाचे लष्करप्रमुख असलेल्या ज्या मिन आँग ह्लाइंग यांनी पुढे सत्ता बळकावली, त्यांच्याच फौजेने. तुरुंगात टाकलेल्या नेत्यांवर रोहिंग्यांसाठी एकही आरोप ठेवलेला नाही. त्या यातना लष्कराच्या समर्थनासाठी वापरणं मला संतापजनक वाटतं.

राहिली माफी. डॉक्टरांना रक्ताचा कर्करोग होता. या आजारात काय होतं, कधी रक्त द्यावं लागतं, साधा ताप किती महागात पडू शकतो, हे त्यांना स्वतःला कुठल्याही जेलरपेक्षा चांगलं कळत होतं. तरीही त्यांना साडेतीन वर्षांहून जास्त काळ कैदेत ठेवलं. माफी जाहीर झाली तेव्हा ते शेवटच्या घटका मोजत होते. ७ ऑक्टोबर २०२४ला मंडालेच्या सरकारी रुग्णालयात ते गेले. त्यांच्या आधी, जुलै २०२१मध्ये, पक्षाचे ज्येष्ठ नेते न्यान विन यांगूनच्या इन्सेन तुरुंगात कोविड होऊन कैदेतच वारले; त्यांच्या वाट्याला तर ही उशिराची माफीही आली नाही. माणुसकीच दाखवायची होती, तर डॉक्टरांना उपचारांचा उपयोग होता तेव्हाच सोडता आलं असतं.