कपाळावरचं टेंगूळ आणि ‘सोडा’, ‘सोडू नका’

नमस्कार,

आमच्या विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्यावर जायच्या, शिकवणीला तुम्ही दिलेला एका ताऱ्याचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी तुमच्या प्रशिक्षकाशी बसून बोललो. तुम्ही लिहिलंत की पाच दिवस नुसते पडत राहिलात, एकदा शिडाखाली सापडून जीव घाबरला, पहिल्या दिवशी ‘शीड सोडा’ आणि चौथ्या दिवशी ‘बूम (शिडाचा हातात धरायचा आडवा दांडा) सोडू नका’ असं उलटसुलट शिकवलं, आणि त्याच चौथ्या दिवशी मास्टवर, म्हणजे शिडाच्या उभ्या खांबावर, कपाळ आपटलं.

आधी कपाळाचं बोलतो, कारण ती चूक आमची आहे. गोव्यात दोनापावलाला दुपारचा खारा वारा समुद्रावरून निघतो, पण आमच्या किनाऱ्यावर वायव्येकडून, मधल्या जमिनीवरून उतरत येतो. त्यामुळे किनाऱ्यालगत तो तुटक असतो. मध्येच मरतो आणि मग एकदम झडप घालतो. पहिल्यांदा हार्नेस (शिडाला अडकवायचा कमरेचा पट्टा) लावायची ती वेळही नव्हती आणि ती जागाही नव्हती. शीडही लहान द्यायला हवं होतं. तुमच्या मापाचं हेल्मेट शिल्लक नव्हतं म्हणून तुम्हाला तसंच पाण्यात पाठवलं, याचं समर्थन मी करणार नाही. मनापासून माफी मागतो. त्या दिवसाची फी परत पाठवतो आहे, आणि हेल्मेट नसेल तर पाण्यात उतरायचं नाही, हे आजपासून सगळ्यांना बजावलं आहे.

‘सोडा’ आणि ‘सोडू नका’ या दोन्ही सूचना मात्र बरोबर होत्या. हार्नेस नसताना झोत आला की मागचा हात सैल करायचा. शिडातला वारा निघून जातो, ओढ संपते. तरीही आवरलं नाही तर शीड सरळ पाण्यात टाकायचं. हार्नेसचा हूक बूमच्या दोरीत अडकवला की तुम्ही कमरेने शिडाला बांधलेले असता. तेव्हा घाबरून हात सोडले तर शीड तुम्हाला कमरेतून उचलून पुढे भिरकावतं आणि डोकं मास्टच्या दिशेने जातं. म्हणून बूम घट्ट धरायची, हात ताठ, बूड खाली, भार मागच्या पायावर. हे अंगाच्या सवयीच्या अगदी उलट आहे. वाळूत उभं राहून दहा-बारा वेळा करून घेतल्याशिवाय ते अंगात मुरत नाही, आणि आम्ही तुम्हाला ते फक्त तोंडी सांगितलं.

सतत पडलात, हे मात्र मी तक्रार म्हणून मान्य करत नाही. पहिले दोन दिवस तुम्ही कमरेतून वाकून पाण्यातलं शीड वर ओढत होता, म्हणून ते वर आलं की मागे कोसळायचात. तिसऱ्या दिवशी गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलायला लागलात आणि पडणं निम्म्यावर आलं. कमरेएवढ्या पाण्यात उडी न मारता आडवं पसरून पडणं, वर येताना एक हात डोक्यावर धरणं, बोर्ड कधीच सोडून न जाणं, हे सगळं तुम्ही बरोबर करत होता. मी किनाऱ्यावरून पाहत होतो. पुन्हा कधी शिडाखाली सापडलात तर ते हाताने वर ढकला. खाली श्वासापुरती हवा मिळते. मग एकच दिशा धरून कडेपर्यंत सरका.

परत यावंसं वाटलं तर बाराच्या सुमारास या, वारा नुकता लागत असतो. हार्नेस आधी वाळूवर, आणि शिकवायला मी स्वतः असेन.