टक्... टक्...

टक्. गिटार प्रोसेसरचा (इफेक्टच्या डब्याचा) आवाज डिजिटल केबलने थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला आवाज देणाऱ्या डब्यात, रेकॉर्ड होतोय. दोन सेकंद काही नाही. पुन्हा टक्. चार मिनिटांचा क्लीन टेक, शेवटच्या कॉर्डचा रिव्हर्ब छान विरत चाललाय आणि बरोबर त्या शेपटीत टक्! डिस्टॉर्शनमध्ये हे पाप लपतं, म्हणून कालचे सगळे ऱ्हिदम ट्रॅक 'ओके' वाटले होते. सोलो करून ऐकले तर तिथेही टक्.

आणि इंटरफेसच्या पॅनेलवर काय? हिरवा दिवा. लॉक. कसलं डोंबलाचं लॉक! त्या दिव्याचा अर्थ एवढाच, की एसपीडीआयएफचा (दोन डब्यांमधल्या डिजिटल ऑडिओचा) सिग्नल पोचला. प्रोसेसर आणि इंटरफेस, दोघांचं घड्याळ एक झालं असं तो म्हणतच नाही. काही इंटरफेस लॉक आणि सिंक वेगवेगळं दाखवतात, त्यांचं भलं होवो. बाकीचे हिरवं हसतात आणि सॅम्पल गिळतात.

हिशोब साधा आहे. प्रोसेसर आपल्या क्रिस्टलवर (घड्याळाचा ठोका तोच देतो) ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार तुकडे, सॅम्पल; इंटरफेस आपल्या क्रिस्टलवर ४८ किलोहर्ट्झ. दोघांत फक्त १० पीपीएमचा (दहा लाखांत दहाचा) फरक धरा. सेकंदाला ०.४८ सॅम्पल, म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी एक सॅम्पल जास्त नाहीतर कमी. तेच ते टक्. एका म्यानात दोन तलवारी.

यावर हमखास मिळणारा सल्ला: 'बफर (कॉम्प्युटर आवाज तात्पुरता साठवतो ती जागा) वाढव.' अरे, ६४ चा १०२४ केला तरी टक् तिथंच, वर लेटन्सी, म्हणजे ऐकू येण्यातला उशीर, बोनस! बफरचा आणि याचा काडीचा संबंध नाही. दुसरा सल्ला: 'केबल बदल.' हा निदान अर्धा खरा. ७५ ओहमची कोॲक्स हवी. हाय-फायची लाल-पांढरी आरसीए अर्धा मीटर निभावते, लांब झाली की रडते. पण केबलचं टक् वेडंवाकडं येतं, घड्याळाचं टक् ठराविक अंतराने. वेव्हफॉर्म झूम करून दोन टक्मधलं अंतर मोजा, मग केबलवर पैसे उडवा.

कित्येक गिटार प्रोसेसरना डिजिटल आउट आहे, इन नाही. म्हणजे ते कोणाचं ऐकूच शकत नाहीत. मग मास्टर, म्हणजे ज्याच्या घड्याळावर बाकीचे चालतात ते, तेच, विषय संपला. इंटरफेसचा क्लॉक सोर्स एसपीडीआयएफ, सेशनचा रेट प्रोसेसरचा जो असेल तो. आणि कित्येकांचा तो एकाच रेटला खिळलेला. प्रोसेसर ४४.१ ला अडलेला, व्हिडिओवाल्यांना ४८ हवं. मग अख्खं सेशन ४४.१ ला करा आणि शेवटी कन्व्हर्ट करा, नाहीतर इनपुटवर सॅम्पल रेट कन्व्हर्टर असलेला इंटरफेस शोधा. बरं, मास्टर बनवलेला प्रोसेसर कोणी मधेच बंद केला की इंटरफेस पोरका. कोणी गप्प होतो, कोणी गुपचूप इंटर्नलवर जातो. आधी प्रोसेसर चालू, मग इंटरफेस, बंद करताना उलटं. एवढं साधं मॅन्युअलमध्ये ठळक छापायला काय जातं?

ऑप्टिकलचं तर बोलूच नका. भोक एक, भाषा दोन: ॲडॅट (अनेक चॅनेलची) आणि एसपीडीआयएफ. पॅनेलमध्ये चुकीची निवडली की लाल उजेड येतो, आवाज येत नाही. आणि यूएसबीने दोन्ही मॅकला जोडून त्यांचं एकच ॲग्रिगेट डिव्हाइस करणाऱ्यांनो, ड्रिफ्ट करेक्शनची (घड्याळांतला फरक भरून काढणारी) टिक मास्टरला नाही, दुसऱ्या डिव्हाइसला लावायची असते.

तर एवढी आगपाखड करून क्लॉक सोर्सचा ड्रॉपडाउन उघडला. 'इंटर्नल.' गेल्या आठवड्यात ड्रायव्हर अपडेट झाला, त्याने सेटिंग गुपचूप मूळपदावर नेलं. आणि ते न बघता हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवणारा शहाणा कोण, हे सांगायला नको. हा सगळा खटाटोप कशासाठी? तर एक डी-टू-ए आणि एक ए-टू-डी (डिजिटलचं ॲनालॉग, मग परत डिजिटल) वाचवायला, ज्याचा फरक ड्रम्स वाजायला लागल्यावर ओळखून दाखवा म्हटलं तर माझीच बोबडी वळेल. दोन जॅक केबल लाइन इनमध्ये खुपसल्या असत्या तर घड्याळाचा प्रश्नच नव्हता.

असो. सोर्स बदलला, टक् गेलं. आता गिटार अगदी कोरडी येतेय. ना अँप, ना डिले. प्रोसेसरचं डिजिटल आउट कोणीतरी 'ड्राय' वर ठेवलंय.